ड्रायक्लीनिंगचा वास

३ फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, पण वाचायला भिंग घ्यावं लागलं. शाई वाचवतोयस की काय? तीस वर्षं शाळेत पोरांची अक्षरं तपासली, असली मुंगीएवढी अक्षरं काढणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं. पहिली ओळ बरी असते, पुढे अक्षरं बारीक बारीक होत जातात. गंमत म्हणून तुझी जुनी पत्रं काढून ओळीने मांडली. पाच वर्षांपूर्वी दोन पानं भरायची तेवढा मजकूर आता अर्ध्या पानात बसतो. मग मला हसू येईना. खरं सांग, बरा आहेस ना?

तुझी लेक चिंगी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात रमली का? तिला माझा पापा. लोभ आहेच, अक्षर मोठं काढलंस तर वाढेल.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मास्तरीणबाई, खांदा आखडलाय, एवढंच. पस्तीस वर्षं इस्त्री फिरवल्यावर आखडणारच. उजवा हात रिकामा बसला की थरथरतो, कामाला जुंपला की गप्प. गिऱ्हाइकाच्या कोटाची बटणं लावताना मात्र जीव मेटाकुटीला येतो.

परवा इस्त्रीखाली सदरा करपला. चिंगी मागच्या खोलीतून ओरडत आली. मी शेजारीच उभा, मला पत्ता नाही. नाक कधीच गेलंय माझं. आमच्या धंद्यात सॉल्व्हंटचा, म्हणजे कपडे धुवायच्या रसायनाचा वास येईनासा झाला की कारागीर पक्का झाला म्हणतात. चिंगी अजून मशीनपाशी नाकाला रुमाल बांधते. कच्ची म्हणून रोज चिडवतो तिला. होईल तयार.

काळजी करू नकोस, लोभ कमी करू नकोस.

तुझा दादा

२८ फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून घरात बसवेना. सगळी पत्रं घेऊन मी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पत्रावरून निदान होत नाही, तपासायलाच हवं, असं त्यांनी बजावलं. पण अक्षर बारीक होणं, बसल्याजागी थरथर, आखडलेला खांदा आणि वास न येणं, हे सगळं एकत्र आलं की पार्किन्सनची शंका येते म्हणाल्या. त्यात मेंदूतल्या, हालचालींना लागणारं डोपामीन नावाचं द्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. नाक तर हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी जाऊ शकतं.

कशाने होतो, तेही विचारलं. वय, घराणं, पिकांवरची विषारी फवारणी, तुमच्या धंद्यातली काही जुनी सॉल्व्हंटं, यांनी धोका वाढतो. पण अमक्याला अमक्यानेच झाला, असं बोट दाखवून सांगता येत नाही. गोळ्यांनी आणि व्यायामाने बराच आराम पडतो. काहींच्या मेंदूत बारीक तारा बसवतात. नव्या पेशी बसवायचे प्रयोगही चाललेत, पण रोग थांबवेल असं अजून काही हाती नाही.

दादा, मला भीती वाटते. हट्ट सोड आणि जा.

तुझी धाकटी

६ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघ! डॉक्टरांनी रुंद ओळींच्या वहीत मोठं काढायला सांगितलंय. रोग तोच निघाला. गोळ्या घड्याळ लावून घेतो, बटणं लागतात. रोज हात मुद्दाम झुलवत चालतो. गल्लीतल्यांना वाटतं, म्हातारा कवायतीला लागला.

माझं मी पचवलं. पण निदान होऊन घरी आलो, तर चिंगीने रुमाल खुंटीला टांगलेला. मोठ्या अभिमानाने म्हणाली की बाबा, मलाही आता वास येत नाही, झाले ना पक्की? धाकटे, मीच चिडवून चिडवून तो रुमाल सोडवला होता.

त्याच दिवशी मशीन बंद केलं. ती रडली, भांडली, दुकान माझंही आहे म्हणाली. डॉक्टरांनी तिला तपासलं. रोजच्या सवयीनेही नाक बधिर होतं, लांब राहिली की बहुतेक परत येईल म्हणाले. पण बिनखिडकीच्या खोलीत ते मशीन चालवणं साफ चूक, असं मला सुनावलं. आता फक्त पाण्याची धुलाई आणि इस्त्री. तीन आठवडे मी रोज तिच्या तोंडाकडे बघत होतो. वास येतो का, हे विचारायचा धीर होईना.

काल तिने कपाटातून माझा कामाचा जुना कोट ओढला आणि नाक मुरडून लांब फेकला. शी बाबा, केवढा घाण वास मारतोय, म्हणाली. मी कोट उचलून नाकाशी धरला. मला कसलाच वास आला नाही. तरी तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, खरंच येतो ना गं?

तुझा लोभ असाच मोठ्या अक्षरात असू दे.

तुझा दादा