भरपूर पाण्याचा पंप

४ मार्च
प्लँटला थंड पाणी पुरवणारा पंप म्हातारा झालाय. नवा निवडायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. उशिरा का होईना, पारख झाली. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी घरचा नळ ठिबकतोय तो बघा. असो. तिची झेप तेवढीच.

७ मार्च
पंपवाला आला. पाणी किती, चढवायचं किती उंच, पाइप किती लांब, खोदून खोदून विचारत होता. नवशिका असावा. मी म्हटलं, भरपूर! त्याने तसंच लिहून घेतलं.
निर्धार : उद्या स्वतः लाइन मोजायची.

८ मार्च
ऊन फार. मोजणी रद्द. कॅटलॉगमधला सगळ्यात मोठा पंप निवडला. मोठ्यात छोटं मावतंच.

२ मे
पंप बसला. काय रुबाब! उद्‌घाटनाला साहेबांना मुद्दाम पाइपाजवळ उभं केलं. बटण दाबताच जोडातलं गॅस्केट उडालं. साहेब नखशिखांत चिंब. मी म्हटलं, प्रेशर बघा सर! ते चष्मा पुसत तडक केबिनकडे निघाले. भारावले असावेत.

५ मे
व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून पंप चालवतोय. त्याशिवाय एवढं पाणी लाइनला आवरतच नाही. ऑपरेटर म्हणाला, आत कुणी खडी भरडतंय असं वाटतं. त्याला समजावलं, नवं मशीन आहे, थोडं बोलणारच.

११ मे
सील गळतंय. खाली बादली लावली. ऑपरेटर म्हणतो, बेअरिंगला हात लावून बघा, चटका बसतो. मी लावला नाही. विश्वास नावाची काही चीज असते.

१९ मे, दुपार
पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडाच, तुटला. प्लँट बंद. सगळे माझ्याकडे बघत होते, मी पंपाकडे. पंपवाल्याला फोनवर झापलं. तो नम्रपणे म्हणाला, सर, तुम्हीच भरपूर म्हणाला होतात.
जेवण गेलं नाही. बायको टोमणा मारेल म्हणून वाट बघितली. तिने नुसता पाठीवर हात ठेवला. तो जास्त लागला.

२३ मे
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पोळलेल्या माणसाचा सल्ला लाखमोलाचा, हे त्यांना पटलं असणार. म्हणाले, सोमवारी नवा पंप निवडायचाय, तुमची मदत लागेल. मी म्हटलं, हुकूम करा सर. म्हणाले, त्या दिवशी रजा घ्या.
अर्ज दिला. उभ्या उभ्या मंजूर झाला.