आधी डाग की आधी बिब्बा

९ डिसेंबर, मंगळवार
ओपीडीत खरूज, नायटा, खरूज. सरकारी टॅबलेटवरचं नवं ॲप फोटो बघून रोगांची तीन नावं सांगतं आणि हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग दाखवतं. कातडीचा डॉक्टर इथे निपाणीत नाही, थेट बेळगावला, त्यामुळे मला ॲपचा आधार वाटतो. डॉक्टर असून हल्ली पेशंटच्या आधी मी त्याच्याकडेच बघते, हे काही बरं नव्हे.

संध्याकाळी घरमालकीण पद्माक्का लंगडत जिना चढून आली, हातात भाकरी-झुणका. दिवस मावळायच्या आत जेवून घेणारी ही जैन बाई मलाही उशिरा जेवू देत नाही. म्हणाली, "काटा मोडलाय गं टाचंत. बिब्बा घातलाय." बघितलं. टाच काळी. बिब्ब्याच्या गरम तेलाने कातडी भाजून काळी पडतेच. म्हटलं, "बिब्ब्याचाच डाग आहे आक्का, आता घालू नका." आणि जेवले.

१० डिसेंबर
टॅबलेट घरी आणला होता. सहज आक्काच्या टाचेचा फोटो काढला. लाल. पहिलंच नाव कातडीच्या कॅन्सरचं.

हसले. हसू काही खरं नव्हतं. "जागेवर काही लावले होते का?" असं ते विचारतं. पर्याय: मलम, पाला, काही नाही. बिब्बा कुठाय? ज्यांनी हे बनवलं त्यांच्या आईने कधी गरम बिब्बा टाचेला लावला नसणार. आणि मागच्या आठवड्यात तंबाखूच्या वखारीतल्या बाईच्या पिवळ्या तळव्यांनाही याने रोग ठरवला होता. साबणाने गेला तो रोग!

आक्काला काही सांगितलं नाही. आक्कानं विचारलं, "काय म्हणतंय गं तुझं मशीन?" म्हटलं, "रेंज नाही."

१२ डिसेंबर
तेल लावून बिब्ब्याची खपली हळूहळू काढली. दिवसाउजेडी, अंगणात. खाली गुलाबी कातडी दिसायला हवी होती. काही ठिकाणी दिसली. मधे मात्र काळं तसंच, कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला शाई फुटल्यासारखं.

पुन्हा फोटो. पुन्हा लाल.

ॲप चुकावं म्हणून देवाला सांगावं की त्यालाच, कळेना. आक्का म्हणते, "तोंड का उतरलंय? जेवली न्हाईस का?"

१३ डिसेंबर
हे मी पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. आज विचारलं, "आक्का, काटा डोळ्यांनी बघितला होता?"

"काटा कुठला दिसतोय! काळं दिसालतं. म्हटलं आत मोडलाय. म्हणून तर बिब्बा घातला. मग वाढालंय म्हणून परत घातला."

म्हणजे आधी डाग, मग बिब्बा. आमच्याकडे काळी टाच दिसली की सगळे बिब्बाच म्हणतात. मीही त्यातलीच. बेळगावच्या कातडीच्या डॉक्टर मॅडमना फोन केला, फोटो पाठवले. त्या एवढंच म्हणाल्या, "बिब्ब्याचं नंतर बघू. पेशंट पाठव. उशीर नको."

१५ डिसेंबर
दोन दिवस धीर झाला नाही. आज आक्का आणि आप्पा, तिचे यजमान, दोघांना समोर बसवून सांगितलं. कॅन्सर शब्द टाळला, "तुकडा काढून तपासू" म्हटलं. आप्पांना कळायचं ते कळलं.

"डॉक्टर, हे मशीन सांगतंय का तुम्ही सांगालाय?"

"मी सांगतेय."

आक्का लगेच, "तू तर बिब्बाच म्हणालतीस की गं."

म्हटलं, चुकले होते. आप्पा चपला शोधायला उठले. चपला त्यांच्या पायातच होत्या. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून वर निघून आले.

१७ डिसेंबर
रजा टाकून सोबत बेळगावला गेले. तुकडा काढला. रोग पसरलाय का हे बघायला मॅडमनी जांघेत गाठी चाचपल्या तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. काही कळलं नाही. मी पण पेशंटसमोर असाच चेहरा करते.

निपाणीची बस उशिरा मिळाली, वाटेतच अंधारलं. आक्का उपाशीच. डबा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तू खा. तुला कसलं नेम न्हाय." डबा तसाच परत आणला.

पाय वाचेल का, हे तिने विचारलं नाही. मीच मनात विचारत बसले. आणि पाय सोडा, बाई वाचेल का...

२० डिसेंबर
ओपीडीत काळा तीळ दिसला तरी धस्स होतं. तिघांना उगीच फोटोसाठी बसवलं. हिरवं, हिरवं, हिरवं. विश्वास बसत नाही. लाल आलं तेव्हा तरी कुठे ठेवला होता?

२३ डिसेंबर
दुपारी बेळगावहून फोन. रिपोर्ट आलाय, घ्यायला या. काय आहे विचारलं, तर फोनवर सांगत नाही म्हणाले.

आक्काला सांगितलं. ती शेंगा निवडत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "उद्या तूच जा. यांना नको. यांना बसमधे चक्कर येईल." मग जरा वेळाने, "आन् काय असंल ते तूच सांग हं मला. त्या मशीनला दाखवत बसू नको."

हो म्हटलं.

चांगला रिपोर्ट असता तर सांगितला असता फोनवर. पण मी तरी कुठे सांगते? चांगलाही सांगत नाही, वाईटही नाही. सगळ्यांना "या" एवढंच म्हणते. संध्याकाळपासून हेच स्वतःला बजावतेय. भीती वाटतेय. सकाळी पहिली बस.