रानडेझीचं निर्जळी व्रत

तेरखेडा, २ फेब्रुवारी २०२५

ती. दैवशालाआत्यांस, दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की सगळं घर कान लावून बसतं, म्हणून पत्र. आमच्या दारापुढच्या मोकळ्या जागेवर सासूबाईंना म्हशीचा गोठा हवा आहे, मला फुलं. या घरात माझी म्हणावी अशी हातभर जागा नाही, म्हणून मीही हट्टाला पेटले. शेवटी मामंजींनी तोड काढली. अक्षय तृतीयेपर्यंत तिथं काही फुललं तर जागा माझी, नाहीतर म्हशीची.

आमचा बोअर मार्चातच दम तोडतो. तुमच्या गच्चीवर भर उन्हात फुलते ती पांढरी रानडेझी द्याल का? हे शनिवारी धाराशिवला येणार आहेत. म्हैस आत्तापासूनच माझ्याकडे मालकिणीसारखी बघते.

तुमची माया आहे, ती असू द्या.
दीपमाला

धाराशिव, ८ फेब्रुवारी

चि. सौ. दीपमालास, आत्याचे अ. उ. आ.

रणधीररावांबरोबर रोपं दिली आहेत. आता रीत ऐक. जागा दिवसभर उन्हाची आणि उंचवट्याची हवी. मुरूम, खडे असतील तर उत्तम. शेणखत दाखवूसुद्धा नकोस, नुसता पाला माजतो. रुजेपर्यंत थोडं पाणी, पुढं बोट खुपसून माती आतपर्यंत कोरडी लागली तरच. हे झाड दुष्काळानं मरत नाही, पाहुणचारानं मरतं. आणि तुझ्या सासरचा पाहुणचार मी लग्नात भोगला आहे. नको नको म्हणताना ताटात पडलेल्या पोळ्या अजून आठवतात.

जपून राहा, झाडाला फार जपू नकोस.
आत्या

तेरखेडा, ५ मार्च

ती. आत्यांस, शि. सा. न. वि. वि.

रोपांनी माना टाकल्या. शोभेल म्हणून त्याच जागेतल्या तुळशीशेजारी लावली, तिथंच चुकलं. या घरात अंघोळ झाली की प्रत्येकजण तुळशीला तांब्याभर पाणी घालतो. सासूबाईंचं म्हणणं पडलं की शेजारणीला कोरडं ठेवणं बरं दिसत नाही. तेव्हापासून सगळे तुळशीला एक आणि डेझीला एक तांब्या घालतात. मामंजी तर पुण्य कमी पडू नये म्हणून जास्तच ओततात. मी अडवलं, तर सासूबाईंनी विचारलं की झाडाला पाणी घालू नका म्हणणारी सून कुठल्या गावची असते.

निम्मी रोपं बुडात काळी पडून गेली. गोठ्याचे पत्रे आणि मुरमाचा ढीग त्या जागेत येऊन पडलेत. काल मोरीत बसून रडले. काय करू ते लवकर कळवा.

दीपमाला

धाराशिव, ८ मार्च

चि. दीपमालास, अ. उ. आ.

रडू नकोस, तेवढंही पाणी त्याला चालत नाही. जगलेली रोपं काढ, सडकी मुळं छाट आणि त्याच जागेत बांधकामाचा मुरूम पडलाय, त्या ढिगाच्या माथ्यावर लाव. सुरुवातीला दुपारची सावली कर. घरात सांग की या झाडाचं निर्जळी व्रत आहे, ते फक्त सोमवारी आणि तुझ्याच हातचं पाणी घेतं. देव मला माफ करील.

आत्या

तेरखेडा, २ मे

विहीणबाई दैवशालाताईंस, कस्तुराबाईचा नमस्कार, वि. वि.

पत्र माझ्या हातचं हाय, अक्षर गोड मानून घ्या. तुमच्या भाचीची फुलं अक्षय तृतीयेच्या आधीच फुलली, लई देखणी. बोअर आटला तरी त्यांना काय न्हाय. मी मनातून म्हशीच्या बाजूची होते, खोटं कशाला बोलू. पण घरातलं व्रत मोडलं तर पाप कुणाच्या माथी? म्हणून आमच्या मालकांच्या हातातला तांब्या मीच रोज हिसकावून घेत होते. राखता राखता माझाच जीव जडला. म्हैस मागं बांधली. जागा तुझी, असं दीपमालाला तोंडानं सांगितलं, तर पोरगी गळ्यातच पडली. मलाबी रडू आलं.

आता अडचण अशी हाय. काल कळंबची माझी बहीण अयोध्या आली. फुलं कुणी लावली विचारलं, तर मीच लावली असं तोंडातून निघून गेलं. आता तिला रीत सांगायची हाय, अन् सुनेला विचारायची लाज वाटते. तेवढी मला सगळी लिहून कळवा. दीपमालाला यातलं काही कळू देऊ नका.

माया आहे तशीच ठेवा.
कस्तुराबाई

ता. क. सासूबाईंनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं. रीत त्यांनाच लिहा आत्या, मला काही माहीत नाही. आणि कुणी विचारलंच, तर फुलं त्यांनीच लावली आहेत. — दीपमाला