ब्राऊन बेल्ट आणि एक्स्ट्रा सॉफ्ट

२ मार्च, सोमवार. पहाटे ५.४०
उठलो. आजपासून ज्युडो पुन्हा सुरू. मधे वीसेक वर्षांचा गॅप पडला, पण शरीर विसरत नाही. लेकीची ब्राऊन बेल्टची परीक्षा महिनाअखेरीस आहे आणि तिची पार्टनर वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या गावी गेली. परीक्षेला पार्टनर आपला आपण न्यायचा असतो. नाही मिळाला तर परीक्षा थेट पुढच्या वर्षी. काल जेवताना ताटात नुसतं बोट फिरवत बसली होती. म्हटलं, अगं, घरात ब्राऊन बेल्टवाला बाप बसलाय आणि तू पार्टनर कसली शोधतेस? म्हणाली, बाबा, बसलाय हाच तर प्रॉब्लेम आहे. पोरगी विनोदी आहे. माझ्यावर गेलीय.

बेल्ट सापडला. कपाटात राहून आखडलाय. गाठ मारल्यावर दोन्ही टोकं वीतभर लोंबायला हवीत, इथे गाठच कशीबशी बसते. बायको म्हणाली, कापड असं नाही हो आखडत. तिला कापडातलं काय कळतं? गाद्यांचा कारखाना माझा आहे.

त्याच दिवशी, दुपारी
क्लास छान झाला. सर म्हणजे आपला काडी! आम्ही बरोबर शिकायचो तेव्हा मी त्याला रोज उचलून आपटायचो. आता काडीचा खांब झालाय. पोरांसमोर मी जुनं काही काढलं नाही. मोठेपणा.

रांग बेल्टप्रमाणे लागते. माझा ब्राऊन बघून तो हसला आणि पांढरा हातात दिला. म्हणाला, दादा, इतक्या दिवसांनी परत येणारा पांढऱ्यापासून सुरू करतो, इथली पद्धतच आहे. मला उभं केलं रांगेच्या शेवटी, दात पडलेल्या एका चिमुरडीच्याही पलीकडे. हेतू लगेच लक्षात आला. शेवटून सगळ्या रांगेवर नजर राहते.

लेक दुसऱ्या टोकाला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. एकाग्रता.

४ मार्च, बुधवार
नुसतं पडायला शिकवतात. मागे पडा, डावीकडे पडा, हात आपटा. काडीला बाजूला घेऊन म्हटलं, हे मला कशाला? लोकांना आडवं करण्यावर तर माझा संसार उभा आहे. तो म्हणाला, दादा, परीक्षेत ती तुम्हाला पाडणार. तुम्ही तिला नाही. पार्टनरचं काम एकच, नीट पडणं.

हे आधी कुणी बोललं नव्हतं.

असो. पडण्यात काय असतं? चिमुरडीने सांगितलं, काका, हनुवटी छातीला टेकवा. माझी टेकलेलीच असते.

७ मार्च, शनिवार
मान, खांदे, कंबर. शिवाय जिथे आपल्याला काही अवयव आहे हेच माहीत नव्हतं, तिथेही दुखतंय. कारखान्यात फोरमन म्हणाला, मालक, खुर्चीत असे हप्त्याहप्त्याने का बसताय? म्हटलं, ट्रेनिंग चालू आहे. म्हणाला, कशाचं, म्हातारपणाचं? माणूस कामाचा आहे म्हणून ठेवलाय.

संकल्प: आजपासून गोड बंद.

संध्याकाळी
फोरमनच्या मुलीचं लग्न ठरलं. केक आणला होता. दुसऱ्या तुकड्याला नाही म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.

१० मार्च, मंगळवार
मूळ सापडलं. दोष माझ्यात नाही, मॅटमध्ये आहे! फळीसारखी कडक. तिच्यावर कोण मनापासून पडेल? काडीला ज्युडो कळत असेल, फोम मला कळतो. आमच्या 'एक्स्ट्रा सॉफ्ट'वर गिऱ्हाईक एकदा बसलं की उठायचं नाव काढत नाही, तिथूनच ऑर्डर देतं. क्लासला त्याच मालाची मॅट भेट द्यायची ठरवली. लेकीला सांगितलं. म्हणाली, बाबा, प्लीज नको. आभार मानायची तिची ही पद्धत.

१३ मार्च, शुक्रवार
काडी बाहेरगावी. उत्तम, सरप्राइज देता येईल. फोरमनला घेऊन मॅट बसवली. तो म्हणाला, मालक, इथे माणसं झोपायला येतात का? दुर्लक्ष केलं. मागे पडलो. अहाहा! पुन्हा पडलो. चिमुरडी उड्याच मारायला लागली. लेकीला म्हटलं, ये, टाक मला. ती नको नको म्हणत आली. कॉलर धरली, पाय टाकला, वळली. ती वळली, पाऊल वळलं नाही. ते घोट्यापर्यंत फोममध्ये होतं.

रात्री
डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे. आठवडाभर पाय टेकायचा नाही. परीक्षेचं मग बघू.

पोरगी नाजूक आहे. आईवर गेलीय.

जेवलो नाही. पोट बिघडलं असावं.

१६ मार्च, सोमवार
काडी परत आला. मॅटवर पाऊल ठेवून रुतलेलं बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, दादा, मॅट कडक असते ती पाय फिरावा म्हणून. पडणाऱ्याला मऊ लागतं ते पाडणारा देतो. म्हटलं, म्हणजे? म्हणाला, तो बाही सोडत नाही. शेवटच्या क्षणी वर ओढून धरतो, मग डोकं आपटत नाही. तुम्ही मला टाकायचात तेव्हा सोडून द्यायचात, आठवतंय? हसतच म्हणाला. मी फोमचे भाव सांगायला लागलो.

२४ मार्च, मंगळवार
पाय बरा झाला! जुन्या मॅटवर सराव जोरात. मी आता अगदी वेळेवर पडतो. किंबहुना वेळेआधी. लेक वैतागून म्हणाली, बाबा, मी अजून काही केलंच नव्हतं! म्हटलं, याला अंदाज म्हणतात. तो अनुभवाने येतो.

२९ मार्च, रविवार
परीक्षा. परीक्षक एक बारीक चणीच्या बाई, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. लेकीने कॉलर धरली. मी पडलो. बाई म्हणाल्या, हा थ्रो धरता येणार नाही, यांना कुणी पाडलेलंच नाही. मागे कुणीतरी खुसखुसलं. आवाज बायकोचा वाटला. दुसऱ्यांदाही तेच. बाई म्हणाल्या, शेवटची संधी, मग पुढचा उमेदवार.

लेकीचे कान लाल झाले. लहानपणी रडायच्या आधी असेच व्हायचे. माझी कॉलर नीट करत हळूच म्हणाली, बाबा, काही करू नका. नुसते उभे राहा. मी आहे ना.

शून्यातून कारखाना उभा केला, पण इतकं अवघड काम आजवर केलं नव्हतं. उभा राहिलो. मग एकदम छत दिसलं. डोकं आपटलं नव्हतं. बघतो तर माझी बाही तिच्या मुठीत.

पास!

बाईंना मुद्दाम जाऊन विचारलं, माझं कसं झालं? म्हणाल्या, शेवटी उभे छान राहिलात.

३१ मार्च, मंगळवार
काडीने एक्स्ट्रा सॉफ्ट काल घरी पाठवून दिली. कंबर धरली आहे म्हणून बायकोने ती माझ्यासाठीच अंथरली. वर म्हणाली, झोपा आता आपल्या मालावर.

पहाटे वेळेवर जाग आली. क्लासला जायचंच होतं. पण उठता येईना. जिथे कोपर टेकावं तिथे कोपर आत. तक्रार तरी कुणाकडे करणार? बायकोला हाक मारली. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, पडून राहा, त्याचंच ट्रेनिंग घेतलंत ना.

मग लेकीला हाक मारली. निघायच्या तयारीत होती, कमरेला नवा ब्राऊन बेल्ट, दोन्ही टोकं वीतभर, सारखी. तिने फरशीवर पाय रोवले, माझी बाही धरली आणि एका झटक्यात मला उभं केलं. मी सावरेपर्यंत सोडली नाही.

पकड अगदी माझ्यावर गेलीय.