तारीख नसताना आखलेल्या रेषा

मंगळवार, संध्याकाळ
जे. पी. नगर

चार दिवस वही उघडली नाही, चुकलोच. मन थाऱ्यावर नव्हतं. देशातली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग यंदा होणार की नाही, कोणीच सांगत नाही. आमच्या क्लबाचा सराव बंद, गोलकीपरसुद्धा गावी गेला. वय झालं म्हणून मैदानाच्या कामावर मला हा शेवटचाच हंगाम दिलाय. तोही असाच जाणार?

आज मी सरळ मैदानात सुतळी ताणली आणि चुन्याच्या रेषा आखल्या. मॅनेजर शिवण्णा हसायला लागला.

"अण्णा, मॅचच नाही, रेषा कोणासाठी?"

"तुझ्यासाठी नाही."

"पाऊस आला की पुसून जातील."

"सरी, ठीक आहे. पुन्हा आखीन."

बोललो खरा, पण मनात शंका आली. सुतळी सरकली तर नसेल? दोनदा जाऊन बघितली. नाही सरकली. शाळा चौथीत सुटली माझी, पण रेषा कधी वाकडी गेली नाही.

उद्यासाठी चुना भिजवलाय, सुतळी खुंटीला आहे. साहेब लोकहो, तारीख ठरवा आणि लवकर कळवा. मैदान तयार आहे.