नावेच्या टाकीतलं पाणी

आबा, तुम्हाला एक विचारायचं राहिलंय. उशीर झाला हे मला कळतं. पितृपक्षात तुमच्या नावाचं पान वाढणारे हातसुद्धा आता म्हातारे झालेत. पण परवा नातवाचा ट्रॅक्टर दारातच बंद पडला आणि तुमचे जावई काठी टेकत उठले, म्हणाले, आधी टाकीच्या बुडाची तोटी सोडून बघा, पाणी असेल. नातू हसला. मला काही हसू आलं नाही. त्या दिवसापासून तुम्ही डोळ्यांसमोर येऊन बसलाय, तसेच, कमरेला किल्ली आणि नजर दुसऱ्याच्या हाताकडं.

संस्थान विलीन झालं त्याच्या आसपास तुम्ही नदीच्या उताराचा, नाव चालवायचा मक्ता घेतलात आणि कोकणातनं ती जुनी शिडाची होडी आणलीत. हुपरीचे चांदीवाले, बाजारच्या बाया, पलीकडच्या स्टेशनाला जाणारी माणसं, सगळी तिच्यातनंच पलीकडं जायची. वारा पडला की शीड नुसतं लोंबायचं, म्हणून कोल्हापुरातनं जुनं डिझेल इंजिन बसवून आणलं, आणि ते चालवायला तुमचे जावई आले, कारण ते कारखान्यात काम शिकलेले. टाकी कुठं बसवायची यावरनं पहिली ठिणगी पडली. हे म्हणत होते, मागं, इंजिनाशेजारी बसवू, म्हणजे निगा राखता येईल. तुम्ही म्हणालात, पुढं, पार टोकाला. तुम्ही सुकाणू धरून मागं बसणार, म्हणजे टाकी दिवसभर तुमच्या डोळ्यांसमोर राहणार. तेव्हा डिझेलला आपण क्रूडच म्हणायचो, आणि ते घरच्या माणसाच्या हाती सोपवायचं हे तुमच्या जिवावर आलं होतं. जावई घरात येऊन महिनाही झाला नव्हता, आबा. त्यांनी तोवर तुमच्या घरचं ताकसुद्धा मागून घेतलं नव्हतं.

इंजिन मधेच बंद पडायला लागलं ते दिवाळीनंतर. नाव जरा हेलकावली की धडधड अडखळायची आणि पाण्याच्या मध्यावर सगळं गप्प. मग हे खाली वाकून पान्यानं नळीचा नट सैल करायचे, हातानं पंप मारून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढायचे, पुन्हा हँडल मारायचे. संध्याकाळी टाकीच्या बुडाची तोटी सोडून काचेच्या बाटलीत धरली की वर क्रूड आणि तळाला स्वच्छ पाणी. यांना वाटायचं क्रूड विकणारा पाणी घालतो, म्हणून ते प्रत्येक डबा फडक्यातनं दोनदा गाळून घ्यायचे, एकदा तर कोल्हापूरला जाऊन त्या दुकानदाराशी भांडूनही आले. तुम्हाला मात्र वाटायचं की जावईच क्रूड काढून गावातल्या गिरणीवाल्याला विकतो आणि टाकी पाण्यानं भरतो. तुम्ही झाकणाला कुलूप घातलंत. तरी पाणी येतच राहिलं. मग तुम्ही म्हणायला लागलात की यांनी हुपरीत एका कारागिराकडनं दुसरी किल्ली पाडून घेतली. आई म्हणाली, अहो, माणूस आहे का जादूगार. तुम्ही चार दिवस तिच्याशीही बोलला नाहीत. मी तरी कुठं शहाणी होते. तुम्ही काही बोललात की मला यांचा संशय यायचा आणि हे काही बोलले की तुमचा, आणि भाकऱ्या थापताना माझ्या डोक्यात हेच दळण चालायचं.

पुराच्या पाण्यातला तो दिवस आठवतो? पाणी लाल झालंय, नावेत दहा गावची माणसं, एक रेडकू, चांदीवाल्यांची गाठोडी, आणि नेमकं मध्यावर इंजिन बंद पडतं. नाव बाभळींच्या दिशेनं वाहायला लागली तशा बाया देवाचं नाव घ्यायला लागल्या. त्या दिवशी माणसं वाचली ती तुमच्यामुळं, हे मी नाकारत नाही. तुम्ही सुकाणू यांच्या हातात दिलंत, शीड चढवलंत आणि वाऱ्यावर नाव कुणाच्या तरी उसात नेऊन घातलीत. पण सगळी माणसं चिखलात उतरून उभी होती, तेव्हा तुम्ही यांच्याकडं वळलात.

"क्रूड गिरणीवाल्याला इकायचं आन् टाकीत नदी भरायची, ह्यो धंदा हाय व्हय, जावईबापू?"

हे चिखल तुडवत घराकडं वळले. घरी येऊन हातपाय धुतले, ट्रंक भरली. मला म्हणाले, "मी कोल्हापूरला कारखान्यात जातोय. तुला पटलं तर ये, न्हाय पटलं तर बापाकडं राहा. पण चोराची बायको म्हणून येऊ नको." आणि उचगावच्या रस्त्यानं चालत गेले. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तीन दिवस मी नुसती विचार करत होते की या दोघांतला खोटारडा कोण, आणि दोघांतला कुणीही निघाला तरी बुडणार मीच होते.

चौथ्या दिवशी सकाळी तुमची भाकरी घेऊन मी नदीवर आले. पूर ओसरला होता. तुम्ही आंघोळ करून ओलेत्यानं नावेच्या पुढच्या टोकावर उभे होता. रोजच्यासारखी नावेची पूजा. शिडाची होडी होती तेव्हापासून पूजेची जागा तीच, तिथंच नारळ फुटायचा, तिथंच हळदकुंकू. आणि तिथंच आता टाकीचं झाकण. तुम्ही कुलपालाही कुंकू लावलंत आणि नदीचं तांब्याभर पाणी वरनं ओतलंत. झाकणाभोवती खोलगट होतं, पाणी तिथं साचलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली गेलं. झाकणाखालचं चामड्याचं वायसर वाळून उचललं गेलं होतं. हे टाकी भरायचे दुपारी, तोवर सगळं कोरडं ठणठणीत. आणि पूजेच्या जागेवर संशय घ्यायचा, हे तर कुणाच्याच मनात यायचं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आबा. मी खालनंच म्हणाले, "आबा, टाकीत पाणी तुमच्याच तांब्यातनं जातंय."

तुम्ही खाली बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "इंजनातलं तुला काय कळतंय? भाकरी ठेव आन् घरला जा."

दुसऱ्या दिवसापासून तुमची पूजा मागं सुकाणूपाशी व्हायला लागली. नवीन वायसर आलं. उगारच्या तुमच्या बहिणीनं तिच्या पोराला पाठवून दिलं, तो इंजिन चालवायला लागला, आणि इंजिन काही बंद पडेना. मग गाव बोलायला लागलं. जावई गेला तसं इंजन कसं सुतासारखं चालतंय बघा. तुमच्यासमोर बोलायचे, आबा. उतारावर, पारावर, आपल्या दारात. तुम्ही विडी ओढत ऐकून घ्यायचात. एक शब्द पुरला असता. तो तुमच्या तोंडातनं निघाला नाही, आणि मी ट्रंक घेऊन निघाले तेव्हा वेशीपर्यंत सगळ्यांनी माझ्याकडं चोराची बायको म्हणूनच बघितलं. मला तुमचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढं दोन-तीन वर्षांनी, मी यांचा डबा द्यायला गेले होते तेव्हा, तुम्ही कोल्हापूरला यांच्या कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिलात. हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला नावेच्या इंजिनाचा पंप, पिशवीत माझ्यासाठी नव्या गुळाची ढेप. राम राम नाही, काही नाही. "हे उघडून बघा. दुसऱ्या कुणाच्या हातात देत न्हाय मी." यांनी स्टूल दिलं, तुम्ही बसला नाहीत. यांनी ताटलीत स्वच्छ डिझेल ओतून पंपाचा एकेक तुकडा त्यात धुतला, चिंधी लावली नाही, धागा राहतो म्हणून. आणि तुम्ही पूर्ण वेळ उभं राहून बघत होता, कुठला तुकडा बदलतात का. मला हसावं का रडावं कळेना. हे मात्र त्या रात्री जेवताना म्हणाले, म्हातारा आला की, बास. त्यांचं तेवढ्यावर भागलं.

माझं भागलं नाही. कारण एक गोष्ट मला नंतर आठवली आणि ती मी आजवर यांनाही सांगितली नाही. आई ज्या दिवशी नावेतनं पलीकडं जायची, माहेरी किंवा लग्नाकार्याला, त्या दिवशी इंजिन एकदाही बंद पडलं नाही. त्या सकाळी तुम्ही पाणी ओतायचा की नुसतं फूल वाहायचा? मी खूप आठवून बघते, पण मी तेव्हा भाकऱ्या थापत असायची, मी बघितलेलं नाही. लोक यांनाच नावेच्या वेळा विचारायला लागले होते, तुम्हाला नाही, आणि ते तुम्हाला खुपायचं, हे मात्र बघितलंय. जो माणूस दुसऱ्याच्या टाकीतलं थेंबभर पाणी बघायचा, त्याला स्वतःचा तांब्या दिसला नाही? मी सांगितलं तेव्हा तुम्ही दचकलाही नाहीत. कदाचित उगाचच असेल. कदाचित आई जायची ते दिवस उन्हाळ्याचे, नदी संथ असेल, नाव हललीच नसेल.

आईला विचारता आलं असतं, ती तुमच्यामागं बारा वर्षं होती. नाही विचारलं. तुम्हाला तर शेवटच्या दुखण्यात मीच पेज भरवत होते, दार लावलेलं, आपण दोघंच. तेव्हाही शब्द ओठापर्यंत आला आणि मी चमचा पुढं केला. हे लिहिलेलंही यांच्या हाती लागायच्या आत चुलीत जाईल. तुम्हाला ठाऊक होतं का, आबा? एवढंच विचारायचं होतं. पण खरं सांगू, तुम्ही तेव्हा "न्हाय" म्हणाला असता, तरी मी विश्वास ठेवला नसता. तुमचीच लेक की मी.