गप्प बसायचा मोसम

११ एप्रिल, शुक्रवार

उद्यापासून टर्कीच्या शिकारीचा मोसम सुरू. गाडी पाइनच्या परागाने पिवळी झालीये, अख्खं कॅरी गाव पिवळं झालंय. बंदूक पुसून ठेवली. गेल्या वर्षी एकही टर्की मिळाली नाही, त्यामुळे बंदूक तशी कोरीच आहे.

निखिलचा फोन. दुपारी ऑफिसात माझ्या टेबलाशी उभा राहून हेच सांगून झालं होतं, तरी पुन्हा. "काका, ह्या वर्षी झाडाखाली बसून राहायचं नाही. चालत राहायचं, टर्कीच्या आवाजात कॉल द्यायचा, उत्तर आलं की सरळ त्याच्या अंगावर जायचं." पुण्याचा आहे, त्यामुळे समजावून सांगितल्याशिवाय त्याला झोप येत नाही.

नंतर समताला फोन केला, टेक्सासला, फ्रिस्कोला. दहा मेचं पुन्हा विचारलं. नंदाला जाऊन दोन वर्षं होतील, घरी परित्राण पाठ ठेवलाय, भन्ते येणार आहेत. म्हणाली, "आय विल सी, बाबा." मार्चमध्येही हेच म्हणाली होती. एकुलती एक पोरगी. आई गेल्यापासून एकदाच घरी आली, गेल्या वर्षीच्या पाठाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली. या वेळी तिनं यावं, एवढंच. टर्की नाही मिळाली तरी चालेल.

१२ एप्रिल, शनिवार

पहाटे डेलच्या शेतावर, त्याच्याच रानात आम्ही शिकार करतो. शेत कसलं, म्हाताऱ्याने गवत वाढू दिलंय आणि मागे रान. तो त्याच्या झाडाखाली घडीची खुर्ची टाकून बसला. आम्ही दोघं पलीकडच्या अंगाला.

निखिल तोंडाने घुबडाचा आवाज काढतो, बरा काढतो. रानातून लगेच नराचं उत्तर. मग लाकडी डबी काढली, झाकण घासलं की मादीचा आवाज येतो. नर पुन्हा ओरडला. आम्ही वाकून पळालो. पुन्हा डबी, पुन्हा उत्तर, पुन्हा पळापळ. माझा श्वास छातीत मावेना. निखिल थांबेचना. नर ओढ्यापलीकडे उभा राहून प्रत्येक हाकेला ओ देत होता आणि एक पाऊल पुढे टाकत नव्हता. शेवटी गप्प झाला, गेला.

डेल हसत होता. टर्कीत म्हणे नराने ओरडायचं आणि मादीने उठून त्याच्याकडे जायचं, अशी रीत. आपण उलट त्यालाच बोलावतो. इतक्या हाका मारल्या की त्याला वाटतं, हिला घाई झालीये, ही येईलच. मग तो कशाला हलेल?

निखिलला पटलं नाही. "ओढा नसता तर आलाच असता."

१३ एप्रिल, रविवार

जयंती उद्याची, पण रविवार म्हणून आजच हॉल घेतलेला. सगळे पांढऱ्या कपड्यांत, निळे झेंडे, पोरांची भाषणं. खीर छान. भन्तेंनी सगळ्यांच्या मनगटावर पांढरं सूत बांधलं.

"समता नाही आली?" प्रत्येक काकू. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मी सांगितलं, दहा मेला येतेय. का सांगितलं कोण जाणे. आता यायलाच पाहिजे तिनं.

१४ एप्रिल, सोमवार

तिकीट बुक करून टाकलं. शुक्रवारी संध्याकाळी डॅलसहून, रविवारी परत. खिडकीची सीट, तिला आवडते. तिला कुठे हे सगळं बघायला वेळ. तिकीट पाठवलं, सोबत तिच्या आईचा खीर ढवळतानाचा फोटो पाठवला. मग अजून एक मेसेज. मग फोन केला, उचलला नाही. परत केला.

१५ एप्रिल, मंगळवार

रात्री तिचाच फोन आला. आवाज चढला नव्हता, तेच वाईट. "बाबा, प्लीज डोन्ट चेस मी." मी म्हटलं, अगं चेस काय, तिकीट काढलंय फक्त. म्हणाली, त्या घरात शिरलं की मला स्वयंपाकघरात आई दिसत नाही आणि श्वास घेता येत नाही, हे तुम्हाला मी किती वेळा सांगू. मी म्हटलं, मी रोजच शिरतो.

बोलायला नको होतं.

मग म्हणाली, रविवारी पंचशील घेता आणि शनिवारी बंदूक घेऊन जाता, व्हॉट्स दॅट, बाबा? मटण खाणं वेगळं, असं काहीतरी पुटपुटलो. ते मलाच पटत नाही तर तिला काय पटणार.

"कॅन्सल इट. यायचं असेल तर मी येईन."

केलं कॅन्सल.

१९ एप्रिल, शनिवार

आज निखिल नव्हता. डेलच्या शेजारी बसलो. त्याची पद्धत म्हणजे झाडाला पाठ टेकायची, पहाटे एकदा हळूच कॉल द्यायचा आणि मग तोंड बंद. सकाळभर. हलायचंसुद्धा नाही, टर्कीची नजर फार तेज. मला दहा मिनिटांत गोचीड चढल्यासारखं वाटायला लागतं. खिशातला फोन बघावासा वाटतो. समताचं काही आलं असेल तर.

ऊन चढल्यावर डेलने माझं मनगट धरलं. हातमोजा खाली सरकला होता आणि सूत दिसत होतं. चिडला तो. या मोसमात लाल, पांढरं, निळं काही म्हणजे काही दिसता कामा नये. नराचं डोकं नेमकं या तीन रंगांचं असतं. झाडीतून कुणाला पांढरं हलताना दिसलं तर तो आधी गोळी घालेल, मग बघायला येईल. खिशातून चाकू काढून म्हणाला, काप.

मी नाही म्हटलं. हे कापायचं नसतं, आपोआप झिजून तुटेपर्यंत ठेवायचं. का, ते त्याला सांगता येईना. प्रार्थनेचं आहे म्हटलं. त्याने स्वतःच्या खोक्यातून हिरवी चिकटपट्टी काढून मनगटाला गुंडाळून दिली. पांढरा आणि निळा, दोन्ही रंग आपलेच. तेवढे सोडून ये म्हणतात जंगलात.

गेल्या वर्षी पाठाला बसलो तेव्हा भन्तेंच्या कलशापासून निघालेलं सूत सगळ्यांच्या हातांतून फिरलं. माझ्या हातातून समताच्या हातात. पाठ चालू असेपर्यंत ती रडत होती आणि ते सूत हलत होतं, मला माझ्या बोटांत कळत होतं. तिच्याकडे न बघता कळत होतं. तेवढंच पुन्हा हवंय मला.

२४ एप्रिल, गुरुवार

फोन केला नाही. कालही नाही, परवाही नाही. ठरवलंय.

घरूनच काम. दिवसभर मीटिंगमध्ये बोलतो ते सोडलं तर तोंडातून शब्द नाही. संध्याकाळी एकट्यापुरता वरणभात. कुकरमध्ये एका माणसाचा भात नीट होत नाही, करपतो नाहीतर चिखल. मग दोघांचा लावतो आणि उरलेला सकाळी फोडणीला टाकतो. नंदा असती तर म्हणाली असती, काय करून राहिले तुम्ही, दिवे तरी लावा. उठून दिवे लावले.

फार एकटं वाटतं. लिहून टाकलं.

२६ एप्रिल, शनिवार

पुन्हा डेलसोबत. एकच कॉल, मग चूप. रानात काहीच नाही. एक खार, दोन गाड्यांचे आवाज. डेलचा डोळा लागला, घोरत होता. हीच याची चिकाटी. मला राहवेना. उठलो, पाय मोकळे करायला म्हणून, आणि पाठीमागून फडफड. भला मोठा नर, छातीवर दाढीसारखा लांब झुपका, आमच्या अगदी मागून उडाला. न ओरडता, पाऊल न वाजवता आला होता. कधीपासून उभा होता देव जाणे.

डेल जागा झाला. रागावला नाही. म्हणाला, गप्प येतात ते असेच येतात. तुला वाटतं कोणी नाही, आणि तो वाटेवर असतो.

हे ऐकून मला बरं वाटलं. परत येताना गाडीत गाणं लावलं.

३ मे, शनिवार

निखिलला मिळाली. त्याच्याच पद्धतीने, पळत, टेकाडाच्या पलीकडे वळसा घालून, नराच्या तोंडासमोर जाऊन. "बोललो होतो की नाही काका?" डेलनेही पाठ थोपटली. पद्धत कुठलीही असो, ज्याला मिळाली तो शहाणा.

मांस दिलं त्याने. घरी नंदाचा सावजी मसाला थोडा उरलाय, तो घातला. टर्की कोरडी, चरबी नाही, रश्श्यात बरी लागली. नाकातून पाणी आलं. समताला फोटो पाठवणार होतो. रश्श्याचा फोटो म्हणजे पुन्हा कॉल देणंच. नाही पाठवला.

पहिल्या शीलाचं, जीव न मारण्याचं, मात्र डोक्यातून जात नाही. मी मारली नाही, खाल्ली. आधी हे वाक्य सोपं वाटायचं.

७ मे, बुधवार

ऑफिसनंतर डेलकडे गेलो, उगाच. व्हरांड्यात बसलो. त्याला समताचं सांगितलं. तीन आठवडे फोन केलेला नाही, तुझ्यासारखाच बसून आहे म्हटलं. वाटलं, शाबासकी देईल.

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, त्याचा मुलगा याच काउंटीत राहतो. काहीतरी बिनसलं, डेलने ठरवलं पोरगा येईल तेव्हा येईल. मध्ये मुलाला मुलगी झाली, ती आता शाळेत जाते. डेलने तिला किराणा दुकानात लांबून पाहिलंय.

"टर्की टर्की असते, विल," म्हणाला. विलास त्याला म्हणता येत नाही.

गाडी चालवताना तेच डोक्यात. पूर्ण रस्ता. म्हणजे मी जे करतोय ते शहाणपण आहे की नुसता हट्ट? मागे लागलो तर पळते. गप्प राहिलो तर तिला वाटेल, बाबांना फरक पडत नाही. मला फरक पडतो. रात्रंदिवस पडतो.

घरी येऊन मेसेज लिहिला, खोडला, लिहिला. शेवटी पाठवला: "शनिवारी चार वाजता पाठ आहे. तू आलीस तर मला आनंद होईल. नाही आलीस तरी मी तुझाच बाबा आहे." निखिलने यावर हजार सूचना केल्या असत्या.

तिने वाचला. उत्तर नाही.

९ मे, शुक्रवार

उत्तर नाही. तांदूळ, दूध, बदाम आणले. सतरंज्या झटकल्या. पांढऱ्या सुताचा गुंडा नंदाच्या कपाटातून काढला. तिच्या साड्यांचा वास अजून येतो, थोडा. स्वयंपाकघरात तिची खुर्ची होती ती दुसऱ्या खोलीत नेली, समताला त्रास नको म्हणून. मग परत आणून ठेवली.

१० मे, शनिवार

मोसमाचा शेवटचा दिवस. पाठ दुपारी चारला, सकाळ मोकळी, घरात बसवेना. गेलो. बंदूक घरी ठेवली. आजच्या दिवशी तरी नको. डबीही नेली नाही. फोन गाडीतच ठेवला, नाहीतर मी बघत राहतो आणि हात हलतो.

डेलच्या झाडाला टेकून बसलो. तो आला नव्हता. पाखरं, ओलं गवत, बाकी शांत. कितीतरी वेळ मी काहीच केलं नाही. नंदाची आठवण काढली. समता पहिल्यांदा आजीकडे राहायला गेली आणि नागपूरच्या खोलीत आम्ही दोघंच होतो, तेव्हाची. रडलो थोडा, कोण बघतंय.

मग तो आला. डावीकडून, अजिबात आवाज न करता. पिसांवर ऊन पडलं की तांब्यासारखं चमकत होतं. माझ्या बुटांपासून हातभर लांब असेल. डोकं वाकडं करून माझ्याकडे पाहिलं. निळं, पांढरं, लाल डोकं. मी श्वास घेतला नाही. मग आपल्या वाटेने निघून गेला. मोसमभर ज्याच्यासाठी धावलो, बसलो, तो समोर येऊन गेला आणि मला अगदी निवांत वाटत होतं.

गाडीत येऊन फोन बघितला. समताचा मिस्ड कॉल. मी झाडाखाली होतो तेव्हाचा. मेसेज नाही. टेक्सासला तेव्हा पुरतं उजाडलंही नसेल, आणि शनिवारी ती इतक्या लवकर उठत नाही.

लगेच लावला. सरळ व्हॉइसमेल. फोन बंद. विमानात असेल. किंवा येत नाही हे सांगायला केला असेल, मी उचलला नाही, तर फोन बंद करून झोपली असेल. जन्मभर मी तिचा प्रत्येक फोन पहिल्या रिंगला उचलला आणि आज नेमका नाही.

निरोप ठेवला. "समता, बाबा बोलतोय. घरीच आहे." एवढंच सुचलं, आणि घरी नव्हतोच. तसाच गाडी हाणत आलो.

आता दोन वाजलेत. खीर झाली. भन्ते निघालेत, निखिल त्यांना घेऊन येतोय. परत फोन केला नाही. कलशाभोवती सूत गुंडाळून सतरंजीवरून सगळ्यांच्या जागांपर्यंत सोडलंय. माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवलीये. तिथून पुढे सूत कापायला कात्री घेतली होती, ती ठेवून दिली. गुंडा उलगडत बाहेरच्या दारापर्यंत नेला.